एका ओंजळीचा न्याय

डोंगरातून धावत उतरणारी एक नदी जिथे पहिल्यांदा शांत व्हायची, तिथे फार जुन्या काळी एक गाव होतं. गावात एक म्हातारा पंच राहत असे. माणूस सरळ होता, पण आपल्या सरळपणाचा त्याला अभिमानही भारी होता. त्याहून जास्त अभिमान होता गावच्या न्यायाच्या पद्धतीचा.

भांडण बांधाचं असो, गुरांचं असो, नाहीतर सोयरिकीचं, ते नदीकाठीच सुटायचं. ज्याच्यावर आळ असेल त्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, "मी खरं बोलतो" म्हणायचं आणि नदीची एक ओंजळ प्यायची. खोटं बोलणाऱ्याच्या घशाखाली नदी उतरत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा. आणि खरोखरच, ओंजळ भरताना हात लटपटले म्हणून कितीतरी चोर आपणहून कबूल झाले होते. नदीला भिणारी माणसं होती ती.

मग गावाच्या वरच्या अंगाला एका शेठनं कापड रंगवायचा कारखाना काढला. राजधानीतल्या लोकांना तेव्हा झगझगीत कपड्यांचं वेड लागलं होतं. कारखान्यातलं उरलंसुरलं पाणी मोरीतून थेट नदीत जायचं. नदी कधी जांभळी व्हायची, कधी हळदीसारखी पिवळी. पोरांना सुरुवातीला मोठी गंमत वाटली.

गंमत काही फार टिकली नाही. आधी पाणमांजरं दिसेनाशी झाली. कोळ्यांना उलट बरंच वाटलं, कारण ती जाळी फाडायची. मग मासे पोट वर करून तरंगायला लागले. ते खाऊन बगळे काठावरच मरून पडले. म्हशी गाभडू लागल्या. आणि मग माणसांची पाळी आली. कुणाच्या अंगावर चट्टे उठले, कुणाची पोटदुखी हटेना. पंचाची एक नात होती, आईवेगळी, आजा-आजीनं वाढवलेली. दिवसभर नदीत डुंबणारी ती पोर आता पोट धरून दारात बसू लागली. तिच्याकडे बघून म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

"काहीतरी करा हो," बायको म्हणाली. "अख्खा गाव तुमच्या तोंडाकडे बघतोय."

पंचानं राजाच्या कारभाऱ्याकडे गाऱ्हाणं घातलं. कारभारी गावात आला, शेठलाही बोलावून घेतलं. सगळा गाव नदीकाठी जमला. पंच ताठ मानेनं म्हणाला, "आमच्या पद्धतीनं न्याय होऊ द्या. पाण्यात विष नाही असं शेठनं म्हणावं आणि एक ओंजळ प्यावी."

आता हा घाबरणार, अशी त्याची खात्री होती. पण शेठ कसला घाबरतोय! त्यानं धोतर वर खोचलं, पाण्यात उतरला, "मी खरं बोलतो" म्हणाला आणि ओंजळ घटाघटा पिऊन मोकळा झाला. वर मिशी पुसत म्हणतो कसा, "गोड आहे हो पाणी. आणखी एक पिऊ का?"

शेठला साधा ठसकासुद्धा लागला नव्हता.

तेवढ्यात पंचाची बायको गर्दीतून पुढे आली. "अहो, एका ओंजळीनं काय होतंय? आम्ही रोज हंडेच्या हंडे पितो. त्यालाही वर्षभर इथं राहू द्या, बायकापोरांसकट. आमच्याच घाटावर पाणी भरू द्या, मग काय ते बोलू द्या. आणि त्याच्या गाडीत डोकावून बघा जरा! डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बरोबर घेऊन आलाय तो."

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. तिथे ओलं फडकं बांधलेल्या तांब्याच्या घागरी होत्या. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

कारभारी पंचाकडे वळला. "बोला. न्याय तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तसं करू."

नुसतं "बाई बरोबर बोलते" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण म्हाताऱ्याच्या मनात भलतंच आलं. एक ओंजळ पुरत नाही असं म्हणायचं, तर आजवर आपण केलेले सगळे न्याय खोटे ठरायचे. बापानं केलेलेही. ज्या पद्धतीसाठी लोक आपल्याला मानतात, तीच आपल्या हातानं मोडायची?

"नदीनं कौल दिला," तो म्हणाला. "शेठ निर्दोष आहे." आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "तू घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको घागर घेऊन डोंगरातल्या झऱ्याकडे निघाली. म्हातारा दारात आडवा आला.

"कौल मीच दिला आणि माझ्याच घरात नदीचं पाणी नको? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत. पोर तर जगेल."

"या घरात नदीचंच पाणी येईल. विषय संपला."

बायकोनं मुकाट्यानं घागर खाली ठेवली. तिनं ऐकायला नको होतं असं म्हणणारे आहेत. म्हणोत बापडे, तिच्या जागी ते नव्हते.

पिवळं पाणी पीत पीत पोर वाळत गेली आणि सुगीच्या दिवसांत गेली. शेवटी शेवटी तर पाण्याचा घोटही तिच्या पोटात ठरत नव्हता. त्यानंतर बायको नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

म्हाताऱ्याचा सगळा ताठा मातीत गेला. त्यानं काठी उचलली आणि नदीच्या काठाकाठानं खाली राजधानी गाठली. कारभाऱ्यापुढे हात जोडून म्हणाला, "माझा न्याय चुकला. पुन्हा न्याय करा."

कारभाऱ्यानं त्याला आदरानं जवळ बसवलं. "पुन्हा कशाला? अहो, तुमच्या कौलाचा केवढा उपयोग झाला! खालच्या गावांनी कुरकुर केली तेव्हा आम्ही तुमचंच नाव सांगितलं. लोक लगेच गप्प झाले. आता तिथेही कारखाने उभे राहिलेत."

म्हातारा उठला आणि परत निघाला. वाटेतल्या एका गावात उन्हानं त्याला भोवळ आली, म्हणून तो एका ओट्यावर टेकला. घरातली बाई लगबगीनं तांब्या घेऊन आली. तांब्यातलं पाणी हिरवट होतं. तिच्या पदराला धरून एक पोरगं उभं होतं, पायांवर चट्टे उठलेलं.

"प्या, आजोबा. रंगावर जाऊ नका, पाणी चांगलं आहे. वरच्या गावच्या पंचानं कौल दिलाय तसा. फार सच्चा माणूस म्हणे."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "पोरी, तो पंच मीच. मी चुकलो गं. माझी नात गेली या पाण्यानं. तुझ्या लेकराला हे पाजू नकोस. तुझ्या पाया पडतो."

बाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. धुळीनं भरलेले पाय, फाटकं धोतर, थरथरणारे हात. तिला त्याची कीव आली.

"ऊन लागलंय बिचाऱ्याला," ती पुटपुटली, आणि त्यानं न घेतलेला तांब्या तिनं पोराच्या तोंडाला लावला.

तात्पर्य: पाणी चांगलं आहे हे दाखवायला एक ओंजळ कुणीही पिईल. ते कसं आहे हे विचारायचं असेल तर ज्यांना रोज तेच प्यावं लागतं त्यांना विचारावं, आणि त्यांची पोरं जिवंत आहेत तोवर विचारावं.