तिसऱ्या मजल्याचा गुण

नगरपालिकेच्या दवाखान्यात इंदुमती खैरमोडे गेली एकोणीस वर्षं लोकांच्या गुडघ्यांना व्यायाम शिकवत होत्या. त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र कधीच शिकले नाहीत. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" असं म्हणत त्या स्वतःलाच हसायच्या.

नवे व्यवस्थापक धारवाडकर आले आणि त्यांनी दवाखान्याची फेररचना केली. तळमजल्यावरचा फिजिओथेरपी विभाग तिसऱ्या मजल्यावर गेला आणि त्या जागी साहेबांचं कार्यालय थाटलं गेलं. लिफ्ट नव्हतीच. खैरमोडेबाई कठडा धरून, पायरीगणिक एकेका देवाला हाक मारत वर पोचायच्या.

सहा महिन्यांनी नगराध्यक्षा पाहणीला आल्या. धारवाडकरांनी ऐटीत तक्ता उघडला. "मॅडम, पूर्वी रोज साठ रुग्ण यायचे, आता सातच येतात. गावाचे गुडघे सुधारले! हा विभाग आता बंदच करावा."

जिना बघूनच माघारी वळणाऱ्या म्हाताऱ्या खैरमोडेबाईंच्या डोळ्यांसमोर आल्या. बाई उठून म्हणाल्या, "मॅडम, रोज गुडघे चोळून माझी अक्कलही गुडघ्यात गेलीय, चुकलं तर माफ करा. पण तिसऱ्या मजल्याचा एवढा गुण येत असेल, तर अख्खा दवाखानाच तिथं न्या. गावात आजारी कुणी उरायचंच नाही!"

नगराध्यक्षा खळखळून हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "सोमवारी हा विभाग खाली आणा आणि साहेबांचं कार्यालय वर न्या," त्यांनी सांगून टाकलं. "तक्रार घेऊन येणारे कमी झाले, की साहेबांचा कारभार सुधारला असं आम्ही समजू."