पिंगळ्याला न दिसलेले बाळ

एका राज्यात आजपेक्षा उद्याला मान मोठा होता. ते राज्य नकाशात शोधू नका. नकाशे काढणाऱ्यांना तिकडची वाट कुणी दाखवली नव्हती. तेथे धैर्यधर नावाचा राजा राज्य करी. नाव धैर्यधर, पण दार वाजले की आधी "कोण आहे?" विचारायचा, मग "कशाला आला आहे?" विचारायचा, आणि एवढे करून दार प्रधानालाच उघडायला लावायचा. हसू नका त्याला. त्याचे वडील एका सकाळी "संध्याकाळी येतो" म्हणून शिकारीला गेले, ते परतलेच नाहीत. त्या दिवशी पोराला जी धास्ती बसली, ती तशीच राहिली.

गादीवर बसताच त्याने डंबरनाथ मांत्रिकाला बोलावणे धाडले.

"सिद्धराज, उद्या काय होणार ते मला आजच कळू दे."

डंबरनाथाने झोळीतून एक पांढरा पिंगळा काढला आणि पिंजऱ्यात ठेवला. "कोटाच्या आत हा सांगेल तेच घडेल. हा सांगणार नाही ते घडणार नाही."

हा शाप होता. राजाने तो आशीर्वाद समजून दोनदा नमस्कार केला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला कोटातल्या चौकात उद्यावाचन होऊ लागले. पिंगळा मान गरगर फिरवी आणि एकेकाचा उद्या सांगून टाकी. कुणाची दाढ दुखणार, कुणाच्या घरी पाहुणे येणार, कुणाचे वरण करपणार. कुस्तीचा निकालही आदल्या दिवशीच लागे. मग दुसऱ्या दिवशी पैलवान आखाड्यात येत, हरणारा आपणहून उताणा पडे, जिंकणारा त्याच्या छातीवर घटकाभर बसे आणि दोघे मिळून दूध प्यायला जात. चोर बिचारा सकाळीच चौकीवर हजर होई आणि "चोरी कुठल्या आळीत करायची आहे म्हणालात?" असे शिपायाला विचारी. कुणाला कसला धक्का बसत नसे. राजा रात्री गाढ झोपे.

कोटात पाच वर्षांत एकही मूल जन्मले नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही. येणार कसे? कोटातल्या सुना बाळंतपणाला माहेरी जायच्या, आणि माहेरे सगळी कोटाबाहेरच्या गावांत. पाचव्या महिन्यात जायच्या आणि बाळाला घुंगुरवाळा घालून परत यायच्या. अडले ते राणी मृगावतीचे. राजवंशाचे मूल कोटातच जन्मले पाहिजे, असा त्या घराण्याचा शिरस्ता होता. आणि जे अजून जगात आलेच नाही त्याचा उद्या पिंगळ्याला दिसत नव्हता.

नववा महिना सरला. दहावा सरला. चौदावा लागला. कळा सुरू होत आणि उंबऱ्यावरून परत फिरत. पिंगळा रोज मान फिरवून म्हणे, "राणीसाहेबांचं काही दिसत नाही." त्यामुळे राणी सुटतही नव्हती आणि मरतही नव्हती.

एके सकाळी राणीने राजाला जवळ बोलावले. तिचा चेहरा घामाने निथळत होता.

"महाराज, हत्तीखान्यातली हत्तीणसुद्धा माझ्याकडे बघून मान हलवते. आता काहीतरी करा."

"डंबरनाथाकडे जावं लागेल. पण तिकडे काय होईल, कुणास ठाऊक!"

"कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर जायचं."

राजाने नाइलाजाने पिंगळ्याला विचारले. पिंगळा म्हणाला, "उद्या महाराज मला घेऊन कोटाच्या दरवाजापर्यंत जातील. पुढचं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी राजा दरवाजापर्यंत गेला. सांगितलेले होते, पाय आपोआप चालले. उंबऱ्याशी मात्र थबकले. एक पाय आत, एक पाय हवेत, हातात पिंजरा, असा तो इतका वेळ उभा राहिला की पहारेकऱ्याने त्याच्या टाचेखाली आधाराला पाट आणून ठेवला. शेवटी वाड्यातून राणीच्या कण्हण्याचा आवाज आला. राजाने डोळे मिटले आणि पाय बाहेर टाकला. जमीन होती.

रानात शिरताच पिंगळा थरथर कापू लागला. जन्मात पहिल्यांदाच त्याला पुढचे काही दिसत नव्हते.

"महाराज, त्या झुडपामागे काय आहे?"

"तू मला विचारतोस?"

झुडपामागे ससा होता. त्या दोघांना पाहून तो जितका घाबरला, त्याच्या दुप्पट ते दोघे घाबरले.

तिसऱ्या प्रहरी ते धुक्याच्या दरीशी पोचले. काठावर डंबरनाथ शेंगा सोलत बसला होता.

"माझं घर पलीकडे आहे. दरीवर पूल आहे. पाऊल टाकलंस की फळी येते. शाप सुटायचा असेल तर तीन कामं आहेत. हे पहिलं."

"आणि फळी नाही आली तर?"

"तर मला कळेल," डंबरनाथ म्हणाला, आणि त्याने टरफल दरीत टाकले.

राजाने ते टरफल खाली पोचल्याचा आवाज ऐकायला कान लावले. आवाज आला नाही. खरे सांगायचे तर तो थोडा रडलासुद्धा. मग नाक पुसून त्याने पाय उचलला. पायाखाली फळी आली. ओलसर होती, डुगडुगत होती, पण होती. दुसरे पाऊल, दुसरी फळी. तोंडाने देवाचे नाव आणि मध्येच डंबरनाथाच्या सात पिढ्यांचा उद्धार, असे करत त्याने दरी ओलांडली.

मागोमाग आलेला डंबरनाथ त्याला घरात घेऊन गेला. तिथे पाटासमोर झाकलेले पातेले होते. "दुसरं काम. आत काय आहे हे न विचारता खायचं."

पाच वर्षांत राजाने न सांगितलेला घास तोंडात घातला नव्हता. त्याने झाकणाखाली हात घातला, हाताला लागले ते तोंडात कोंबले आणि त्याचे तोंड वेडेवाकडे झाले. कारल्याची भाजी! त्याने लहानपणी ताटाखाली लपवलेली सगळी कारली जणू आज वसुलीला आली होती. दुसरा घास मात्र तितका वाईट लागला नाही. तिसऱ्याला त्याने भाकरी मागितली.

"आता तिसरं," डंबरनाथ म्हणाला. त्याच्या आवाजातली गंमत गेली होती. "पिंजरा उघड. पिंगळा उडाला की शाप सुटला. मग कोटात जे घडायचं ते घडेल."

"बाळ जन्मेल?"

"जन्मेल, किंवा नाही. राणी वाचेल, किंवा नाही. मला ठाऊक नाही."

"आपण मांत्रिक आहात!"

"म्हणून तर खोटं सांगत नाही. पिंजरा बंद ठेवलास, तर ती कधीच मरणार नाही. आज आहे तशी राहील."

राजा मटकन खाली बसला. पिंजरा बंद तर मृगावती आहे. उघडला तर कदाचित नाही. आयुष्यभर त्याने हेच मागितले होते, की माणूस गमवायची भीती उरू नये. आता ते त्याच्या हातात होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे तिचा घामेजलेला चेहरा आला, आणि आपण स्वतःच्या झोपेसाठी तिला किती दिवस कळा देत बसलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"ती इथं असती, तर तिने मला विचारलंही नसतं," तो म्हणाला आणि त्याने पिंजऱ्याची कडी काढली.

पिंगळा दाराशी आला. "महाराज, बाहेर काय आहे?"

"ठाऊक नाही रे. जा, बघ."

पिंगळा उडाला. राजा धावत सुटला. परतताना दरीवर तो इतक्या वेगाने पळाला की फळ्यांचीच तारांबळ उडाली. दोन तर तो पुढे गेल्यावर आल्या.

कोटात गोंधळ माजला होता. आखाड्यात दोन पैलवान खरोखरच झुंजत होते आणि आपल्याला एवढे लागते कसे, याचे दोघांनाही नवल वाटत होते. चोराने कुणालाही न विचारता चोरी केली होती आणि शिपाई "हा कुठे गेला?" असे एकमेकांना विचारत धावत होते. राजाने कुणाकडे पाहिले नाही. राणीच्या महालाचे दार बंद होते. आतून तिच्या किंकाळ्या येत होत्या, आणि एकदम त्याही थांबल्या.

राजा दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. विचारायला पिंगळा नव्हता. इतका घाबरलेला तो जन्मात कधी नव्हता, पण तो जागचा हलला नाही.

मग आतून एक बारीक, चिडका टाहो फुटला. पाठोपाठ राणीचा थकलेला आवाज आला, "अगबाई, केवढं हे!"

दार किलकिले झाले. तान्हूबाई सुईण पदराने हात पुसत बाहेर आली. "महाराज, ऐका, झालं ते—"

"थांब, तान्हूबाई!" राजा उठून उभा राहिला. "सांगू नकोस. मी बघतो."

आणि त्याने स्वतःच्या हाताने दार उघडले.