खातं बंद कसं करायचं?

“…पण मग यांतली कुठली घेऊ, अज्जा?”

अज्जा शेंगा सोलत होते. पुढ्यात सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. एक शेंग फोडली. दाणे इकडे, टरफल तिकडे.

गडहिंग्लजच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे आमचा लहानसा मठ आहे. अज्जा तिथले स्वामी. ऐंशीच्या पुढचे. बारशाला नाव सुचवायला, भावाभावांचं भांडण मिटवायला लोक त्यांच्याकडे येतात. करंट अकाउंट कुठल्या बँकेत काढू, हे विचारायला आलेली मी पहिलीच असणार.

मांडीवर शर्वी होती, अकरा महिन्यांची. हे सगळं तिच्यामुळेच सुरू झालेलं. ती काही खाईना, म्हणून मी नाचणीचं सत्त्व करायला लागले. ते शेजारणीनं मागितलं, मग शेजारणीच्या जावेनं. आणि आता कोल्हापुरातल्या एका मोठ्या औषधांच्या दुकानानं. महिन्याला दोनशे पाकिटं. अट एकच, पैसे तुमच्या उद्योगाच्या नावानं असलेल्या करंट अकाउंटलाच जमा करू. सोमवारपर्यंत खाते क्रमांक कळवा, नाहीतर आमच्याकडे दुसऱ्या एक बाई आहेत.

तो दिवस गुरुवारचा. मी तीन आठवडे बँकच निवडत होते.

“वाचून दाखवते,” मी म्हणाले आणि वही उघडली. खरं सांगायचं तर वही दाखवायचीच होती. अकरा बँका, नऊ रकाने. खात्यात कमीत कमी किती ठेवायचे, चेकबुकाचे किती घेतात, ॲपला किती तारे. शेवटच्या रकान्यात ग्राहकांचे अनुभव. चांगले हिरव्या पेननं, वाईट लाल पेननं.

“अनुभव म्हणजे?”

“नेटवर लिहितात ना लोक. हे बघा, ‘कर्मचारी अतिशय नम्र.’ आणि त्याच शाखेबद्दल दुसरा लिहितो, ‘चुकूनही पायरी चढू नका.’”

“आणि हा कोण?”

“‘पार्किंग उत्तम.’”

“तुझी गाडी कुठली?”

“गाडी नाही.”

“हिरव्यानं लिहिलंयस पण.”

अज्जांनी दाण्यांची मूठ पुढे केली. मी दचकून शर्वीला मागे ओढलं. “नको नको अज्जा, घशात अडकतील तिच्या!”

“तुला देतोय.”

मी गप्प दाणे घेतले.

“किती शिकलीस तू?”

“एम.एस्सी. केमिस्ट्री.”

“हं… आणि चुकीची बँक घेतलीस, तर काय होईल?”

“खूप काय काय होईल. चार्जेस लावतील. साहेब बदलतील. पैसे अडकतील. फोन उचलणार नाहीत. मग मी…”

“मग तू?”

“मग मी अडकेन.”

हे मी वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. नऊ रकान्यांत नव्हतं.

अज्जांनी हात पुसले. वहीवर तळवा ठेवला आणि ती मिटली. वाचली नाहीच.

“एक विचारायचं राहिलंय तुझं.”

“काय?”

“खातं बंद कसं करायचं.”

“अज्जा, मला उघडायचंय.”

“होय की.”

“मग?”

“जा, विचारून ये. अकरा नकोत. तुझ्या मनात असतील त्या दोन ठिकाणी जा.”

“असं कसं विचारू? डोकं फिरलंय म्हणतील.”

“म्हणू देत… काय बिघडतंय?”

शुक्रवारी सकाळी शर्वीला कडेवर घेऊन मी निघाले.

पहिल्या बँकेचं काचेचं दार आपोआप उघडलं. सारंग नावाचे अधिकारी उठून उभे राहिले. मला कॉफी, शर्वीला फुगा. सत्त्वाचं पाकीट त्यांनी हातात घेऊन निरखलं, “मॅडम, यात खूप स्कोप आहे” म्हणाले. मी तर तिथेच सही केली असती. पेन मागायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच.

“खातं बंद कसं करायचं?”

सारंग हसले. मग हसायचे थांबले.

“बंद? अजून तर उघडलंही नाही, मॅडम.”

“नुसतं माहीत असावं म्हणून.”

“आमच्याकडून कुणी जातच नाही.”

“पण कुणी गेलंच, तर?”

“नका हो इतका निगेटिव्ह विचार करू. छान सुरुवात करताय…”

“हो, पण तरी.”

“त्याचं हेड ऑफिसकडून होतं. टोल फ्री नंबर आहे.”

मी तिथेच बसून नंबर लावला. नऊ मिनिटं सतार वाजली. आपला कॉल महत्त्वाचा आहे, असं एक बाई मधूनमधून सांगत होती. दहाव्या मिनिटाला शर्वीनं फुगा फोडला आणि दोघी घाबरून बाहेर आलो.

दुसरी बँक सहकारी. बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर, उभा जिना. खाते विभागाच्या टेबलाशी हत्तरकीबाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर अर्धा प्यालेला चहा.

“उघडायचंय की बंद?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“उघडायचंय. पण आधी बंद कसं करायचं ते सांगा.”

आता मान वर झाली. त्यांनी मला पाहिलं, शर्वीला पाहिलं.

“घरी भांडून आलाय काय?”

“नाही हो.”

“मग बसा.”

त्यांनी खणातून एक कागद काढला. “हा अर्ज. इथं सही, इथं तुमच्या उद्योगाचा शिक्का. उरलेले चेक परत द्यायचे. जी शिल्लक असेल ती तुमच्या दुसऱ्या खात्यावर टाकतो. वर्षाच्या आत बंद केलं तर पाचशे कापतो, पुढं काही नाही. दोन दिवस लागतात. तिसरा लागला तर या टेबलापाशी यायचं आणि मला बोलायचं. हळू बोललात तर ऐकू येत नाही, मोठ्यानं बोलायचं.”

मी चहाचा कप शर्वीच्या हातापासून लांब सरकवला.

“आणखी एक सांगून ठेवते. आमचं ॲप रडकं आहे. पैसे गेले की नाही ते लवकर कळत नाही, तेव्हा फोन करायचा. आणि एक तारखेला येऊ नका, पेन्शनवाल्यांची गर्दी असते. बाळाला उभं राहायला जागा मिळायची नाही.”

“बाळ अजून उभं राहत नाही.”

“राहील की वर्षभरात. तोवर खातं बंद नाही ना करणार?”

मी तो बंद करायचा कोरा अर्ज मागून घेतला. जिना उतरताना लांब श्वास घेतला, तीन आठवड्यांत घेतला नव्हता एवढा.

दुपारी परत मठात गेले. पंगत नुकतीच उठली होती. अज्जा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, सतारीसकट. हत्तरकीबाईंचं ऐकून ते पोट धरून हसले.

“आणि भीती?”

मी आत चाचपून पाहिलं.

“आहे. पण इथं होती ती…” मी छातीवर हात ठेवला, “…आता पोटात उतरलीय.”

“पोटात असू दे. जेवलीस का?”

“नाही.”

“म्हणून तिथं तिला जागा मिळाली.”

गंगव्वा मठात स्वयंपाक करतात. त्यांनी ताट आणून ठेवलं. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी. मी एका हातानं जेवले, दुसऱ्या हातात शर्वी. अकरा महिने असंच जेवतेय. तिला मी अजून कुणाकडे ठेवलेली नाही. सासूबाईंकडेसुद्धा नाही, आणि त्यांनी तर चार मुलं वाढवली आहेत.

“म्हणजे सहकारी बँकच बरोबर, ना अज्जा?”

“मी कुठं म्हणालो?”

घास हातातच राहिला.

“म्हणजे तीही चुकीची निघू शकते?”

“निघू शकते की.”

“आणि तुम्ही मला तिकडे पाठवलंत?”

“मी विचारायला पाठवलं.”

एरवी या वाक्यानं माझी आठवडाभराची झोप गेली असती. नवी वही आणली असती, दहावा रकाना आखला असता. पण झालं असं, की मला हसू आलं. चुकीची निघाली तर पाचशे रुपये, दोन दिवस आणि मोठ्यानं बोलणं. एवढंच. एवढंच होतं ते.

“ठरलं,” मी म्हणाले. “सोमवारी सकाळी सकाळीच जाऊन खातं उघडते.”

अज्जांनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

“म्हणजे शनिवार, रविवार जरा शांतपणे…” मी म्हणाले. “एकदा परत सगळं नीट बघून…”

माझंच मला ऐकू आलं.

“किती वाजले?” अज्जांनी विचारलं.

“सव्वादोन.”

“बँक?”

“चारपर्यंत.”

काळजी करणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते, कारण शेवट ठाऊक नसलेल्या गोष्टी मलाही वाचायला नको वाटतात. त्याच दुपारी साडेतीनला मी अर्जावर सह्या केल्या, एकूण चौदा. शनिवारी खाते क्रमांक मिळाला. सोमवारी तो कोल्हापूरला गेला, आणि दुसऱ्या त्या बाईंना दुकानानं फोन केला नाही.

पण तेव्हा, सव्वादोनला, मी अजून ताटावरच होते. “जाते,” म्हणाले. पण उठता येईना. त्या उभ्या जिन्यावर मूल, पिशवी, कागदांची फाईल, शिक्का, आणि चौदा सह्यांना एकच हात.

अज्जांनी दोन्ही हात पुढे केले.

शर्वीनं त्यांच्या दाढीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला. तो ओठ मी ओळखते.

“पण अज्जा, ती कधीच कुणाकडे… मी गेले आणि ती रडली, तर?”

अज्जांनी तिला उचलून मांडीवर घेतलं.

“रडेल की. तू जा.”