पाच लिटर पेट्रोल आणि घाट

घाटाच्या पायथ्याशी एका गावात गुणाजी मेस्त्री नावाच्या वृद्ध कारागिराचे गॅरेज होते. तिथे मागच्या कोपऱ्यात त्यांची चाळीस वर्षांपूर्वीची छोटी मोटार उभी असे. एके काळी अशा मोटारींतून साधी कुटुंबे देवदर्शनाला जात. आता तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे. मेस्त्री मात्र दर आठवड्याला तिचा कार्बोरेटर साफ करीत. अभियांत्रिकी शिकून त्यांच्या हाताखाली आलेल्या श्रीरंगला हा म्हातारपणाचा हट्ट वाटे.

एकदा टँकरवाल्यांचा संप झाला आणि चौथ्या दिवशी गावातला पंप कोरडा पडला. त्याच दुपारी काजूचे व्यापारी जयवंतशेठ टाकी संपत आलेली आपली दांडगी नवी गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत घेऊन आले. मागे बसलेल्या त्यांच्या वृद्ध आईच्या छातीत कळा येत होत्या. डॉक्टरांनी तिला तातडीने घाटावरच्या रुग्णालयात न्यायला सांगितले होते. ते सत्तर किलोमीटरवर, आणि रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली.

मेस्त्रींजवळ पाच लिटर पेट्रोल उरले होते. श्रीरंगने कॅन उचलून शेठजींच्या टाकीचे झाकण उघडले. मेस्त्रींनी कॅन त्याच्या हातून काढून घेतला आणि सगळे पेट्रोल कोपऱ्यातल्या मोटारीत ओतले. शेठजींचा चेहरा पडला. हा खटारा घाट चढेल का, असे त्यांनी विचारले. मेस्त्रींनी आजीबाईंना अलगद मागच्या सीटवर निजवले, शेठजींना पुढे बसवले आणि श्रीरंगच्या हाती किल्ली दिली.

“चढावर घाई करू नकोस,” ते म्हणाले. “ती नेईल.”

तिने नेले. दिवस मावळण्यापूर्वी आजीबाई डॉक्टरांच्या हाती सुखरूप पोहोचल्या, आणि वाचल्या.

दुसऱ्या दिवशी परतल्यावर श्रीरंगने विचारले, “मेस्त्री, शेठजींच्या गाडीत तिप्पट ताकद आहे. तरी तुम्ही हिलाच का निवडलंत?”

“ताकद आहे, पण पेट्रोलही तसंच पिते ती. बरंचसं तिचा स्वतःचाच भार ओढण्यात जातं. अर्ध्या घाटात थांबली असती. हिला घडवणाऱ्यानं आधी घरातली माणसं पाहिली, मग इंजिन बसवलं. स्वतःसाठी थोडकं घेऊन दुसऱ्याला मुक्कामी पोचवणं, हेही सामर्थ्यच आहे, बाळा. दिसत नाही, एवढंच.”

श्रीरंगचे वडील जन्मभर एका कचेरीत कारकून होते आणि त्यांनी तेवढ्याशा पगारात तिन्ही मुलांना शिकवले होते. संध्याकाळी त्याने त्यांना फोन केला. सांगण्यासारखे विशेष काही नव्हते. तरी तो बराच वेळ बोलत राहिला.