मेण लावलेला कौल

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. तलवारीचा खरा, बोलण्यात कडक. नकार ऐकण्याची त्याला सवय नव्हती.

त्या राज्याची एक रीत होती. पेरणी असो, लग्न असो, लढाई असो, आधी देवराईतल्या देवीला कौल लावायचा. पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न एकदाच विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पुढे वाद नाही.

वज्रसेनाला शेजारच्या राज्यावर चाल करायची होती. त्याने कौल मागितला. डावी पाकळी पडली. त्याने पुन्हा मागितला. पुन्हा डावी. तिसऱ्या वेळी त्याने गुरवाला बाहेर काढलं, गाभाऱ्याचं दार लावून घेतलं, डाव्या पाकळीला मागून मेण लावलं आणि उजवी पडेपर्यंत उभा राहिला. ती पडली. बाहेर येऊन म्हणाला, "देवीने होय म्हटलं."

सैन्य निघालं. राजा जिंकला. शेजारचा राजा रणात पडला. त्याचा खजिना गाड्यांवर लादून आणला. वज्रसेनाचा एकुलता एक मुलगा, कुमार शीलधर, याने त्यातली एक पेटी उघडून डावा हात आत घातला. हात बाहेर आला तो दगडाचा. बोटांपासून दगड वर चढू लागला. वैद्य आले, मांत्रिक आले, दक्षिणा घेऊन गेले. दगड मनगट ओलांडून गेला. काळजाला पोचला की कुमार संपणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी लागला नाही.

राजा देवराईत गेला. झाडावर पिंगळा बसला होता. त्या राईतले पिंगळे माणसासारखे बोलत.

"कशाला आलास?" पिंगळ्याने विचारलं.

"कौल मागायला."

"तू मागत नाहीस, राजा. तू घडवतोस. ऐक. शकुन पाहायचा असतो. होरा मांडायचा असतो. भाकणूक ऐकायची असते. कौल मागायचा असतो. पहिल्या तिघांच्या दारी जा. जे मिळेल ते तसंच घे. मग चौथ्याचं काय करायचं ते तुला कळेल."

"नाही कळलं तर?"

"तर मुलगा दगडाचा. वेशीवर उभा कर, शोभून दिसेल."

राजाने दात आवळले आणि वाट धरली.

नगराच्या वेशीवर शकुन पाहण्याची शिळा होती. राजा तिच्यावर उभा राहिला. समोरून एक बाई आली. डोक्यावर रिकामी घागर. रिकामी घागर दिसली की माघारी फिरायचं, अशी रीत.

प्रधान गोमाजी घाईने म्हणाला, "महाराज, विहीर पलीकडेच आहे. घागर भरून आणायला सांगतो. बाई पुन्हा समोरून येईल."

राजाच्या ओठांवर होय आलं होतं. त्याने ते गिळलं. "शकुन भरून आणायचा नसतो, गोमाजी. घोडी फिरवा."

तो माघारी गेला. दगड कोपराला लागला. दुसऱ्या दिवशी वेशीवर टिटवी ओरडली. तो माघारी गेला. तिसऱ्या दिवशी मुंगूस आडवं गेलं. मुंगसाचा शकुन चांगला. राजा पुढे निघाला.

डोंगराच्या कपारीत औघड नावाचा जादूगार राही. तो कवड्यांचा होरा मांडी. त्याच्या कवड्या आपल्या पायांनी चालत. राजा समोर बसला. कवड्या चालत चालत जागेवर गेल्या आणि थांबल्या.

औघड म्हणाला, "शत्रूच्या दारात तुझी मान वाकणार."

राजाचा चेहरा काळवंडला. त्या मानेने आजवर वाकणं पाहिलं नव्हतं.

औघड हसला. "एवढं काय? ही एक कवडी उलटी करतो. मान ताठ राहील. इथे तू आणि मी, कोणाला कळतंय?"

राजा बराच वेळ त्या कवडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मांडलेलं मोडू नकोस."

"पहिल्यांदाच कोणी नाही म्हटलं," औघड म्हणाला. त्याने तोंड फिरवलं.

तिसरं ठाणं धनगरांच्या माळावर होतं. तिथे म्हाळू होईक होता. त्याच्या अंगात देव येई आणि देव पुढच्या वर्षाचं बोले. भाकणूक चालू असताना मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, अशी रीत. राजा लोकांत मांडी घालून बसला. ढोल वाजले. भंडारा उधळला. म्हाळूचा आवाज बदलला.

"ऐका रं लेकरांनू! मिरगाचा पाऊस येईल. मेंढरं दुणावतील. पर तुमी कौल मागाया जाल आन् देवी बोलायची न्हाई. का म्हणाल? तुमच्या राजानं पाकळीला मेण लावलं!"

मग एक बाई उठली. रीत विसरून उठली.

"माझा धनी त्या लढाईत गेला! देवीनं होय म्हटलं म्हणून मी त्याला ओवाळून धाडला! मेण लावलंस? आता माझ्या दारात येऊन सांग की, देवीनं नेला का तू नेलास?"

तिने मूठभर माती राजाच्या तोंडावर फेकली. शिपायाचा हात तलवारीला गेला.

"हात काढ" हे शब्द राजाच्या ओठांवर आले. बोलायचं नव्हतं. त्याने नुसता हात वर केला. शिपाई मागे सरला. राजा तोंडावरची माती न पुसता शेवटपर्यंत ऐकत बसला.

मग तो देवराईत आला. गुरव दोन ओल्या पाकळ्या घेऊन उभाच होता.

"महाराज, लवकर विचारा. दगड खांद्यावर चढला. कुमार वाचतील का?"

राजाने पाकळ्यांकडे पाहिलं. बापाचा जीव तुटत होता.

"नको," तो म्हणाला. "मला उत्तर आधीच मिळालेलं आहे, दोनदा डावी पडली तेव्हा. ते मी अजून पाळलेलं नाही."

त्याने खजिना पुन्हा गाड्यांवर चढवला. जिंकलेल्या किल्ल्यांच्या किल्ल्या घेतल्या. मुकुट उतरवला, वहाणा उतरवल्या, आणि गाड्यांपुढे चालत शेजारच्या राज्यात गेला. पडक्या वेशीत रणात पडलेल्या राजाची राणी कुंतलावती उभी होती, पांढऱ्या वस्त्रात. वज्रसेनाने मान वाकवली.

"ही मान तोडू?" तिने विचारलं.

"आपली मर्जी."

"तुझ्या मुलाची गोष्ट इथवर आली आहे. तो यातून वाचणार आहे का?"

"ठाऊक नाही."

"देवीला विचारलं असशील."

"विचारलं नाही. वाचो न वाचो, हे आपलं आहे."

राणीने गाड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "मान तुझी तुला. ती तोडल्याने माझा नवरा उठत नाही. गाड्या आत घ्या रे. आणि तू, पुन्हा ही सीमा ओलांडू नकोस."

शेवटची गाडी आत गेली.

राजा अनवाणी परत निघाला. वाटेत त्याने कोणाला काही विचारलं नाही. नगराच्या वेशीवर शीलधर उभा होता. तो खाली वाकला आणि दोन्ही हातांनी बापाच्या पायात वहाणा घालू लागला.

"बोटं हलव," राजा म्हणाला.

कुमाराने डाव्या हाताची बोटं हलवली. वज्रसेन तिथेच रस्त्याच्या धुळीत बसला. लोकांनी आपला राजा रडताना पाहिला, आणि कोणी हसलं नाही.

रणात पडलेल्यांच्या घरी राजा एकेका दारात स्वतः गेला. माती फेकणाऱ्या बाईच्या दारात पहिला गेला. तिने त्याला क्षमा केली नाही. पाणी दिलं. देवी पुन्हा बोलू लागली. आणि त्या राज्यात तेव्हापासून कौल लागतो तो गाभाऱ्याचं दार सताड उघडं ठेवून, मग मागणारा राजा का असेना.