बारा वाजायच्या आत

"पण ताई, रडणं आधी ऐकू येतं, की भीती आधी वाटते?"

पंचशीलानं डबा या हातातून त्या हातात घेतला. हाच प्रश्न तिसऱ्यांदा आला होता.

वर्षावासाचे, म्हणजे भिक्खूंनी पावसाळाभर एकाच विहारात राहायचे दिवस. रोज एका घरानं विहारात भन्तेंचं जेवण न्यायचं, असं वस्तीनं ठरवलेलं. आज तिची पाळी होती. तिनं भाकरी, वरण, दोडक्याची भाजी केली, सात महिन्यांच्या लेकीला शेजारणीकडे झोळीत निजवलं आणि साडेअकराच्या आत ती विहाराच्या दाराशी येऊन पोचलीसुद्धा.

आणि दारातच तरुण भन्ते विमलबोधींनी तिला गाठलं.

ते मोठे विद्वान. स्मृतीवर, म्हणजे क्षणाक्षणाला जागं राहण्यावर, प्रबंध लिहीत होते. चारशे पानं झाली होती. मनात जे उमटतं ते उमटतं तसंच टिपायचं, त्याला आपला अर्थ चिकटवायचा नाही, अशी त्यांची रीत. मागच्या महिन्यात पंचशीलाच्या लेकीला तापात झटका आला होता. तेव्हापासून ती झोपलेल्या पोरीच्या नाकाशी सारखं बोट धरून बघते, हे त्यांच्या कानावर आलेलं. नवव्या प्रकरणासाठी त्यांना आईची भीती हवी होती.

"दोन्ही एकदमच होतं, भन्ते. मी आधी जेवण देऊ का?"

"देऊ या, देऊ या. एकदम म्हणजे कुठं? छातीत, की पोटात?"

आत मोठे भन्ते हात धुऊन चटईवर बसले होते. पुढ्यात रिकामं पात्र. वय सत्तरीच्या पुढं, त्यात साखरेचा आजार. सकाळची गोळी त्यांनी घेतलेली असणार आणि त्यावर पोट रिकामं राहिलं तर साखर उतरते, हे तिला माहीत होतं. बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. कुणी हातात दिल्याशिवाय घेत नाहीत, आणि तोंडानं मागत तर नाहीतच.

मोठ्या भन्तेंनी पात्र जरासं पुढं सरकवलं. फरशीवर ते खरकन वाजलं.

तिची मान तिकडे वळली.

"आत्ता!" विमलबोधींनी वहीवर पेन टेकवलं. "आत्ता काय झालं मनात?"

"पात्र वाजलं, भन्ते. ते वाट बघतायत."

"वाट बघतायत, हा झाला अर्थ. आधी नुसता आवाजच आला ना?"

आणि ते लिहायला लागले. अर्ध्या दारात ते, अर्ध्या दारात त्यांची वही. बाजूला व्हा, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. ही सातवी शिकलेली, समोर एवढा शिकलेला चीवरधारी माणूस. ती छाती म्हणाली, पोट म्हणाली, सुटका व्हावी म्हणून काहीबाही सांगत राहिली.

शेजारच्या शाळेची घंटा झाली. बारा.

मोठ्या भन्तेंनी पात्रावर झाकण ठेवलं.

…

विमलबोधी ओशाळले. दोनच मिनिटं झालीत, घ्या भन्ते, असं म्हणाले. नियम तरी शेवटी जागरूकतेसाठीच असतो, असंही म्हणाले.

मोठ्या भन्तेंनी झाकण काढलं नाही. झाकणावरची त्यांची बोटं थरथरत होती.

पंचशीलानं डबा दाणकन खाली ठेवला आणि विद्वानांना खांद्यानं ढकलल्यासारखं करून ती आत घुसली. फळीवरचा गूळ फोडला, पाण्यात ढवळला. औषध म्हणून गूळपाणी दुपारनंतरही चालतं. पेला तिनं त्यांच्या हातात दिला आणि तो रिकामा होईस्तोवर तिथून हलली नाही.

बोटं शांत झाली, तेव्हा तिला कंठ फुटला.

चारशे पानांत भुकेला माणूस कुठल्या पानावर आहे, ते दाखवा म्हणाली. आपल्या पाळीला म्हातारे भन्ते उपाशी राहिले, हे आता जन्मभर आपल्या घराला चिकटलं म्हणाली. विमलबोधी वही छातीशी धरून उभे.

मग ती मोठ्या भन्तेंकडे वळली.

"आणि तुम्ही? एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? तुमचा नियम राहिला. इथं तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

मोठ्या भन्तेंनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी मान खाली घातली.

"हो," म्हणाले. "तेही खरं."

तिचा राग त्यानं जरासुद्धा उतरला नाही. ती दाराशी आली, पायांनी चपला चाचपू लागली. डोळे भरल्यामुळं सापडेनात.

मागून विमलबोधींचा दबका आवाज आला. "फार राग आलाय त्यांना. रागाकडे कसं पाहायचं, ते समजावून सांगू का, भन्ते?"

मोठ्या भन्तेंनी खाली राहिलेल्या डब्याकडे बोट केलं.

"डबा भरलेला आहे, विमलबोधी. जड आहे. तिच्या घरापर्यंत पोचव… आणि वाटेत काही विचारू नकोस."