बारा हात लांब

एकदा एक म्हातारे वैद्यबुवा होते, घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता, हरबा. शिष्य म्हटल्यावर लगेच शेंडीवाला मुलगा डोळ्यांसमोर आणू नका. चांगला तीस वर्षांचा, लग्न झालेला, हुशार माणूस. आणि त्या हिवाळ्यात त्याच्या घरी पहिलं बाळ आलेलं, मुलगा.

आता बाळंतिणीची खोली कशी असते, तुम्हाला माहितीये. वारा म्हणून लागू द्यायचा नाही. हरबाच्या आईने खिडकीला गोणपाट ठोकलं, फटींत चिंध्या कोंबल्या, शेगडीत कोळसे फुलवले, वर ओवा टाकला. दाराखाली बोटभर फट राहिली होती, तिथे हरबाने स्वतःचा पंचा दाबून बसवला. आणि शेगडी पोराजवळ नको म्हणून दोरीने मोजून बारा हात लांब, पार समोरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. धूर नाही, ज्वाळ नाही, ठिणगी उडाली तरी पोचायची नाही. झालं, हा खूश.

अकराव्या दिवशी सकाळी तो बुवांकडे गेला. "आप्पा, सगुणेचं डोकं फार दुखतंय. मळमळतंयही. एखादं चाटण द्या ना."

"आणि बाळ?"

"गुणाचं आहे हो. कालपासून रडलंच नाही. गाल तर असे गुलाबी झालेत त्याचे."

बुवांच्या हातातला बत्ता तिथेच राहिला. "शेगडी कुठेय?"

"लांब आहे, आप्पा. बारा हात."

म्हातारा अनवाणी धावला. पोचल्या पोचल्या काठीने गोणपाट फाडलं आणि शेगडी उचलून अंगणात भिरकावली. हात पोळले, तिकडे बघितलंसुद्धा नाही. हरबाची आई आडवी आली. "अहो, बाळंतिणीला वारा लागला तर कोण निस्तरणार? तुम्ही?" बुवा म्हणाले, "बाजूला व्हा, वहिनी." आणि हरबाला म्हणाले, "दोघांना बाहेर आण."

सगुणा अंगणात पडून राहिली, तासाभराने नीट बोलायला लागली. बाळाचे गाल मात्र गुलाबीच राहिले.

दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं. आणलेला पाळणा भिंतीला टेकून उभा. हरबा एकच वाक्य बोलत होता, "शेगडी तर लांब होती." तेवढ्यात बुवा आले. हाताला फडकी बांधलेली, एका हातात काचेचा पेला. सांत्वनाचं एक अक्षर नाही. पेल्यात पाणी भरलं, ते पार शांत झाल्यावर कडेने निळीचा एक थेंब सोडला. "हात लावू नकोस. बस आणि बघ."

आई म्हणाली, "काल नातू पुरून आलोय आम्ही आणि तुम्ही इथे रंगाचा खेळ मांडलाय? या वयात काही वाटत नाही का तुम्हाला?"

बुवा पेल्याजवळच बसले. दुपार गेली, ऊन उतरलं. पेला तळापासून काठापर्यंत निळा झाला होता.

"कोणी ढवळलं?" बुवांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग तो थेंब दाखव मला."

हरबा पेल्यावर वाकून शोधू लागला.

बुवा म्हणाले, "अरे, पाण्याचा कण कण सारखा धडपडत असतो, एकमेकांवर आपटत असतो. आपल्याला दिसत नाही म्हणून आपण म्हणतो, पाणी शांत आहे. निळीला कुठे जायचंय ते ठाऊक नसतं. धक्के खात वाट मिळेल तिकडे ती जाते, आणि दाटी असते तिथून विरळ जागी पसरत राहते. हवेतही तेच. कोंडलेला कोळसा एक वायू सोडतो, त्याला रंग नाही, वास नाही. शेगडीच्या उबेने हवा फिरते, त्याला घेऊन जाते. नाही फिरली तरी तो स्वस्थ बसत नाही. तुझे बारा हात त्याने कधीच मोजले नाहीत. पुढे छातीत, केसाहून पातळ पडद्याच्या अलीकडे हवा, पलीकडे रक्त. प्राणवायू असाच आपोआप पलीकडे जातो, म्हणून आपण जगतो. त्याच वाटेने हाही गेला आणि रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसला; गाल गुलाबी दिसले ते त्यामुळेच. त्या पडद्यावर राखण करायला कोणी नसतं."

आतून सगुणेचा आवाज आला. "बोटभर फट असती तर?"

हरबा उठला, दाराशी वाकला आणि खालचा पंचा ओढून काढला. चांगलाच घट्ट बसवलेला होता, दोन्ही हात लावावे लागले.

त्यानंतर गावात कुणाकडे बाळंतीण असली की हरबा न बोलावता जायचा. बायका आधीच सांगायच्या, "शेगडी लांब ठेवलीये हो." तो मान हलवायचा, आणि दाराखाली बोट घालून बघायचा.